मक्याचा चमचा

मंगळवार, संध्याकाळ

आज चमचा वाकला! तुटला नाही, वाकला. पंधरा दिवस भेस्तानच्या कारखान्यात माझे चमचे कट् करून मोडत होते. मक्यापासूनचं प्लास्टिक ठिसूळच, म्हणून मी त्यात दुसरं मऊ, कुजणारं प्लास्टिक मिसळत होते. तरी कट्! काल शेठ वैतागलेच. "बेन, उद्या नाही जमलं तर हे बंद."

काल घरी आले तर आई कळण्याच्या भाकरीचं दळण करत होती, ज्वारीत उडीद टाकत. मी सहज विचारलं, उडदाचं पीठ नंतर मिसळलं तर? ती हसली. तशी भाकरी तुटते म्हणे, दोन्ही एकत्रच दळायचं. आणि मी काय करत होते? दोन्ही प्लास्टिकचे दाणे नुसते कालवून थेट चमच्याच्या मशीनमध्ये! घाई, दुसरं काय. एवढी केमिस्ट्री शिकून हे मला दळणावरून सुचावं? आज दोन्ही आधी एकत्र वितळवले, त्याचे नवे दाणे पाडले, मग चमचे काढले.

एक घरी आणला. आईने तो चार-पाचदा वाकवला, कट् आवाजाची वाट बघत. नाही आला. मी तर अशी फुशारले की सोय नाही. ती एवढंच म्हणाली, "आते भाकर थापी दखाड."

थापली. तव्यावर टाकताना मधोमध तुटली. कट् आवाज तेवढा नाही झाला.