चौतीस मतं रस्त्यात

बेल्स फोर्क, मिसिसिपी
५ ऑगस्ट १९८७

चि. अर्लीन हिस,
अ. उ. आ.

पत्र लिहायचं कारण एकच. आपला भाऊ पहिला आला, पण निवडून आला नाही. त्यामुळे तुला घराण्याच्या मेळाव्याची तारीख बदलावी लागेल.

काल आपल्या भागात दोन हजार दोनशे एक्केचाळीस मतं पडली. आपल्या होझियाला एक हजार एक्केचाळीस, आत्ता खुर्चीवर असलेल्या क्रलला सातशे अठ्ठ्याण्णव. उरलेली चारशे दोन रूझवेल्ट मिनिफील्डला. प्रेतं सजवून पुरण्याचा धंदा करता करता त्याला वाटायला लागलंय की जिवंत माणसंही त्याच्याच ताब्यात आहेत. निम्म्याहून एक मत जास्त लागतं. होझियाला ऐंशी कमी पडली. म्हणून पंचवीस तारखेला होझिया आणि क्रल दोघांतच पुन्हा मतदान.

हे आपल्या माणसांना समजावणं म्हणजे भिंतीला पाढे शिकवणं आहे. सगळे समजतात की होझिया जिंकला. आज सकाळी ब्रदर थीओडिस टपालाच्या खिडकीपाशी टोपी काढून अभिनंदन करायला उभे. पंचवीसला परत यायचंय म्हटलं, तर म्हणाले, मिस ओझेला, माझं मी कालच दिलं की. एकाच माणसाला तेच मत दोनदा कशाला, पहिल्यांदा दिलेलं त्याने हरवलं का?

मला भीती वेगळी आहे. काल शेरीफपासून कॉन्स्टेबलपर्यंत बावीस उमेदवार होते. ज्याचे त्याचे मेहुणे आणि चुलतभाऊ त्याच्यासाठी आले, आणि आलोच आहोत तर म्हणून होझियालाही मत देऊन गेले. पंचवीसला कागदावर दोनच नावं असतील. क्रलच्या गोऱ्यांना बोलवायला कोणाला जावं लागत नाही. ते चर्चला जावं तसे येतात. जिंकायला जास्त माणसं लागत नाहीत, अर्लीन. परत येणारी लागतात. ही नुसती पक्षाच्या उमेदवारीची निवडणूक खरी, पण नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोर कोणीच उभं नाही, तेव्हा जे व्हायचं ते पंचवीसलाच. जो निवडून येईल त्याच्या हातात चार वर्षं इथले रस्ते आणि पूल.

पुलाचं तुला ठाऊक आहे. तुझ्या लूशसभाओजींना आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर न्यावं लागतं. पूल होता तेव्हा आठ मैल जायचं होतं. मार्चमध्ये क्रलने फळ्या काढून आडवा ओंडका टाकला, तेव्हापासून सत्तावीस. डिसेंबरात ओढा चढला की तो लांबचा रस्ताही पाण्याखाली जातो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, थंडीआधी पूल, नाहीतर मेम्फिसला यंत्राजवळ बिऱ्हाड. ज्या घरात लूशस बेचाळीस वर्षं राहिला ते सोडायचं की नाही, हे पंचवीसला ठरणार आहे.

तुझा मेळावा बावीस-तेवीसला. चर्चच्या बसने एक्केचाळीस माणसं शिकागोला येणार, त्यांतली चौतीस इथली मतदार. मेळावा आठवडाभर पुढे ढकल.

लूशस तुझ्या हातचा गोड पीच कॉबलर मागतो, जो त्याला आता वर्ज्य आहे. लोभ आहे म्हणूनच हुकूम करते.

तुझी
ओझेला


शिकागो
१० ऑगस्ट १९८७

ती. ओझेलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उघडलं आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. पासष्टीला टेकले तरी तुझं अक्षर पाहिलं की वाटतं, वही दाखव म्हणशील.

ताई, मेळावा हलत नाही. सभागृह फेब्रुवारीत ठरलं. डेट्रॉइटहून पन्नास, सेंट लुइसहून साठ, शिवाय पिंकीमावशी. ती नव्वदीची आहे आणि पुढच्या आठवड्याचा भरवसा ती स्वतःच देत नाही. टोप्या शिवून आल्या, त्यांवर तारीख आहे. तू गणिताची बाई, तूच सांग, दोनशे ऐंशी माणसं हलवणं सोपं की एक बस?

बस मी हलवते. सोमवारी सकाळी सहाला ती माझ्या दारातून निघेल. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी, मंगळवारी सकाळी मतदानाला. कोणी अंथरुणात लोळत राहिला तर मी झाडू घेऊन उठवीन. माझा झाडू तुझ्या छडीपेक्षा लांब आहे.

आणि एक सांगू का, रागावू नकोस. रूझवेल्टच्या घरी जा. होझिया नव्हे, तू. त्याची चारशे माणसं होझियावर रुसलेली नाहीत, रूझवेल्टला कोणी विचारलं नाही म्हणून रुसली आहेत. एक केक घेऊन जा आणि त्याच्या ओसरीवर अर्धा तास बस. तुला जड जाईल, ठाऊक आहे.

लूशसभाओजींना सांग, कॉबलरचा वास पाकिटात घालून पाठवायची सोय टपालखात्यात अजून नाही. एकतीस वर्षं तिथे होते, मी खात्रीने सांगते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
अर्लीन


बेल्स फोर्क
१५ ऑगस्ट १९८७

चि. अर्लीन,
अ. उ. आ.

सोमवार, सकाळी सहा. मी हे आमच्या भिंतीवर लिहून ठेवलंय, तू तुझ्या भिंतीवर लिही.

रूझवेल्टकडे होझिया जाऊन आला. तो म्हणाला, विचार करतो. मी गेले नाही. ज्याला मी एकच अपूर्णांक तीन वर्षं शिकवला, त्याच्या ओसरीवर मी बसणार नाही.

आजपर्यंत दोनशे दारं झाली. पाय सुजलेत. येतो म्हणतात सगळे. हो म्हणायला लोकांना काही पडत नाही.

लोभ सोमवारी सहाला दिसेलच.

ओझेला


बेल्स फोर्क
२६ ऑगस्ट १९८७

अर्लीन,

होझिया तेवीस मतांनी पडला. क्रल आठशे एकसष्ट, होझिया आठशे अडतीस.

बस चर्चसमोर थांबली तेव्हा मंगळवारी संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मतदान सातला बंद होतं. मी पावणेसातपासून केंद्राबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी होते. सात वाजता आतल्या माणसाने दाराला आतून कडी घातली, तेव्हा मी पाठ वळवली. थीओडिस बसमधून उतरले ते थेट केंद्राच्या दारापर्यंत चालत गेले. डोक्यावर मेळाव्याची टोपी होती, ती काढून हातात धरली आणि दार वाजवलं. आत खुर्च्यांच्या घड्या घालत होते. एकाने दार किलकिलं केलं आणि म्हणाला, ‘‘काका, चार वर्षांनी या.’’

तेच थीओडिस, जे म्हणत होते की तेच मत दोनदा कशाला.

मी कोरीन बॅट्सकडून सगळं विचारून घेतलं. शाळेच्या खानावळीत वाढते ती मुलगी. बसमध्ये तिनेच हजेरी घेतली होती. तू सहाला सोडणार होतीस. बस निघाली बारा वाजता. का, तर डेट्रॉइटच्या इझेलमामाची गाडी उशिरा आली आणि त्याच्याशिवाय घराण्याचा फोटो काढायचा नव्हता. मग वाटेत केरो गावाजवळ बसची नळी फुटली, रात्र तिथेच गेली, सुटा भाग मंगळवारी दुपारी मिळाला. तू म्हणशील, नळी माझ्या हातात नव्हती. नव्हती. पण सहाला निघाली असती, तर नळी फुटूनही मंगळवारी मधल्या सुट्टीच्या वेळेला इथे पोचली असती. केरोचा मेकॅनिक सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुकानात होता. मी फोन करून विचारलं.

पहिल्या फेरीहून आपली दोनशे तीन मतं कमी पडली. रूझवेल्टची जवळजवळ कोणीच आली नाहीत. ओसरीवर बसून राहिलेल्यांवर मी रागावेन आणि विसरेन. ती माणसं पहिल्यापासून तशीच आहेत. पण चौतीसजण यायला निघाले होते. त्यांना यायचं होतं. तेवीसची तूट होती, चौतीस मतं होती, आणि ती तू अंगणात उभी करून हसायला लावलीस.

फोटो मला पाठवू नकोस.

ओझेला


शिकागो
३ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही. तुझा एकही शब्द खोटा नाही. सहाचे बारा मी केले. इझेलमामा आता पुन्हा दिसणार नाही असं वाटलं, आणि मला वाटलं सहा तासांनी काय होतंय. होझिया आधीच अडीचशे मतांनी पुढे होता. तू मला समजावलं होतंस तरी मीही थीओडिससारखीच निघाले. झोप येत नाही. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही.

पण मलाही एक विचारायचंय.

रविवारी जेवताना मी कोरीनला म्हटलं, तुम्हा सगळ्यांना इतकी घाई, त्यापेक्षा निघण्याआधीच कोर्टातल्या क्लार्कच्या कचेरीत जाऊन मत देऊन का नाही आलात? बाहेरगावी जाणाऱ्याला देता येतं की. तेव्हा तिने मला गुरुवारचं सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, कौतुकाने. बस निघण्याआधीच्या गुरुवारी होझिया ट्रक घेऊन चर्चच्या आवारात आला होता. क्लार्कच्या कचेरीत नेतो, तिथे मत पाकिटात बंद करून द्या, मग बुधवारपर्यंत निवांत राहून या, म्हणाला. सतराजण ट्रकमध्ये चढलेसुद्धा होते. तू आलीस आणि त्यांना उतरवलंस. म्हणालीस, ‘‘जे मत डब्यात पडताना दिसत नाही, ते पडलंच नाही.’’ मिस ओझेला असं म्हणाल्यावर कोण चढणार? होझिया रिकामा ट्रक घेऊन गेला.

ताई, मी एकतीस वर्षं पाकिटंच हाताळली. ती पोचतात. एखादं चुकतं, पण पोचतात. चौतीसांतली अकरा चुकली असती तरी तेवीस उरली असती. तेवीसने बरोबरी होते, आणि बरोबरी म्हणजे हार नव्हे.

तुझ्या सव्वीसच्या पत्रात बारा वाजले होते, नळी होती, मेकॅनिक होता. गुरुवार नव्हता.

सहा तास माझे. गुरुवार तुझा.

भाओजींना नमस्कार. रागाने का होईना, लिहीत जा.

अर्लीन


बेल्स फोर्क
९ सप्टेंबर १९८७

चि. अर्लीन हिस,
अ. उ. आ.

गुरुवार माझा. सव्वीसला तो लिहिला नाही, कारण लिहिला असता तर तुझ्यावर रागावता आलं नसतं.

तुला एक ठाऊक नाही. १९७१ साली आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून मी तिचं मत पाकिटातून दिलं. सही पाकिटाच्या झाकणावरून आडवी जावी लागते. आईचा हात घसरला आणि सही झाकणाच्या खाली गेली. पाकीट फोडलंच नाही. मला हे चार महिन्यांनी कळलं, तेही कचेरीतल्या झाडूवालीकडून. आई जाईपर्यंत दर रविवारी विचारायची, माझं मोजलं ना? मी म्हणायचे, मोजलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मत दिलं होतं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. तेव्हापासून मी या भागात प्रत्येकाला बजावत आले, पाकिटावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या पायांनी जा. एका पाकिटापायी चौतीस अडवली. हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमला असता.

होझिया रोज येतो, लूशसला यंत्रावर नेऊन आणतो. गुरुवारबद्दल अवाक्षर काढत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काल मीच विषय काढला. तो गाडीची काच पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हणाला, ‘‘ट्रक माझा होता, ताई. मी तुला बाजूला व्हायला सांगायला हवं होतं.’’

परवा क्रल बाजारात भेटला. हॅट उचलली, लूशसच्या तब्येतीची चौकशी केली, पुलाची पाहणी करणार आहोत म्हणाला. वसंतात.

आम्ही एक ऑक्टोबरला मेम्फिसला जातोय. दोन खोल्या मिळाल्यात, दवाखान्यापासून चार चौकांवर. लूशसने कोंबड्या वाटून टाकल्या. म्हणतो, पूल माझ्याकडे येत नाही तर मीच सरकतो. हसवायला म्हणतो. मग मागच्या दारी जाऊन पायरीवर बसून राहतो.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. खोटं लिहीत नाही. पण तो आता एकटा नाही, त्याच्या शेजारी माझाही बसलाय, आणि दोघांना एकाच बाकावर बसवण्याची मला सवय आहे. मेम्फिसचा पत्ता पाठवीन. तिकडे ये. कॉबलर आणू नकोस, त्याच्याने राहवणार नाही.

गेली बावीस वर्षं इथल्या मतदार मंडळाचं दप्तर माझ्याकडे होतं. प्रत्येक मतदाराचं एक कार्ड, त्यावर नाव, घर, गाडी लागते की चालत येतो, आणि कधी कधी आला. काल ते सोपवलं. जिच्याकडे सोपवलं तिने लिहून मागितलं. मीच तिला तसं शिकवलंय. मंडळाच्या वहीत केलेल्या नोंदीची नक्कल खाली देते, म्हणजे घराण्यात कोणाकडे तरी राहील.

जेवढा लोभ उरला असेल तेवढा जपून ठेव.

तुझी
ओझेला

नोंद. ८ सप्टेंबर १९८७, चर्चचं मागचं दालन. ओझेला गेदर्स यांनी कोरीन बॅट्स यांच्याकडे दिलं ते असं: मतदारांची कार्डं, बुटांच्या चार खोक्यांत, आडनावांच्या क्रमाने. दालनाची एक किल्ली. क्लार्कच्या कचेरीच्या वेळा आणि पाकिटावर सही कुठे करायची त्याची आकृती, ओझेला गेदर्स यांच्या हातची, बारा प्रती. कार्डं दोघींनी मिळून मोजली. एकूण एक हजार नऊशे बारा. त्यांतून गेदर्स लूशस आणि गेदर्स ओझेला ही दोन काढून घेतली, कारण एक ऑक्टोबरपासून त्यांचं मत या भागात नाही. दिली एक हजार नऊशे दहा. मिळाली, कोरीन बॅट्स.