मांजर आडवी गेली

मुलुंड, ११ जानेवारी १९८५

ती. दादास,
रत्नाचा वाकून नमस्कार.

इथे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कसे आहेत? अनू आता शाळेत जाताना रडत नाही.

मांजरीचं विचारलंस ना, आहे अजून. उंदरांमुळे ती हवी, पण कामाला निघताना आडवी गेलेली ह्यांना चालत नाही. म्हणून हे चपला घालायला लागले की मी तिला बाथरूममध्ये कोंडते, जिना उतरले की सोडते. शेजारच्या राधाबाई हसतात, हसू देत. कधी निसटून आडवी गेलीच, तर हे परत आत येतात, बसून घोटभर पाणी पितात आणि मगच निघतात.

दादा, ह्यांची कंपनी दिवाळीपासून बंद आहे. राधाबाईंचे मिस्टरही तिथेच होते, त्यांच्याकडून कळलं. हे मात्र इस्त्रीचा शर्ट घालून रोज निघतात. मी विचारत नाही. डबा भरते, मांजर कोंडते.

काल कडी नीट लागली नाही. मांजर थेट ह्यांच्या पायांपुढून गेली. मी पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले. हे माझ्याकडे बघून तसेच जिना उतरून गेले.

आज मी तिला धरायला वाकले, तर म्हणाले, "सोड गं तिला. आता कुठलं काम अडायचंय?" रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. हसले रे.

तू ये. ह्यांना सांग, सहजच आलो. आणि निघताना मांजर आडवी गेली, तरी थांबू नकोस.

तुझी,
रत्ना