दहा इंचांचा पडदा

चाचा, तुमची तब्येत कशी आहे? खोकला बसला का? चाचींचे गुडघे आता चढउतार करू देतात ना? दुकानासमोरचे घड्याळवाले बाबा तिकडंही रोज तुमच्याशी भांडतात की थकले? इकडं मी बरा आहे. साखर थोडी वाढली, दाढा गेल्या. घरची बरी आहे, पोरगी शाळेत शिकवते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. काल अमरावतीला जे झालं त्यानं माझं डोकं अजून सुन्न आहे, आणि हे तुमच्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही.

जुन्या शहरातलं तुमचं पेटी दुरुस्तीचं दुकान मी अजून उघडतो, पण अकोट-पातूरकडच्या भजनी मंडळांच्या पेट्या आता येत नाहीत. कापसानं दगा दिला की गावात सगळ्यात आधी पेटी मुकी होते, आणि आता तर सालोसाल तेच चाललं आहे. राहिला तो अमरावतीच्या शाळेतला पियानो, तुम्ही सुरात लावायचात तो. पोरीनं माझ्या फोनमध्ये सूर दाखवणारा एक प्रोग्राम टाकून दिला. तार उतरलेली असली की पडद्यावर पट्टे डावीकडं धावतात, चढलेली असली की उजवीकडं, जुळली की जागीच उभे. पण फोन तळहाताएवढा आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. फोन पियानोच्या डाव्या टोकाला ठेवायचो. उजवीकडं ठेवला तर तारांच्या खुंट्या पिळायच्या किल्लीचा हात आडवा येतो. म्हणून मधल्या पट्ट्या फोन पाहून लावायचो आणि उजव्या टोकाचं शेवटचं सप्तक, जिथून फोन दिसतच नाही, ते कानानं. कानाचा मला गर्व. तुमचा चेला ना मी!

शेवटी मोठ्या पडद्याचा टॅब घ्यायचं ठरवलं आणि मापासाठी मागच्या खेपेला मी मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून नेले, आठ इंची, दहा इंची, बारा इंची, आणि एकेक पियानोवर उभा करून पाहिला. आठवाला उजव्या टोकावरून फोनसारखाच बारका दिसला. बारावाला खुंट्या झाकायचा आणि दणक्यानं घसरायचा. दहावाला नीट बसला. तो पुठ्ठा घेऊन मी अकोल्याच्या दुकानात गेलो.

"काका, पिक्चर पाहाचे हायेत का? बारा इंची घ्या, झकास दिसते."

"नाही बाप्पा, पियानो लावाचा हाय. बारा इंची खुंट्या झाकते."

दुकानदारानं पुठ्ठा उलटासुलटा केला. "पुठ्ठ्याच्या मापानं टॅब नेणारं गिऱ्हाईक पह्यलंच पाह्यलं! लाडू कुठी हायेत याच्यातले?"

तर काल तो दहा इंची पडदा घेऊन मी अमरावतीला गेलो. मधली सप्तकं झाली, पट्टे शहाण्या बैलासारखे जागच्या जागी उभे. मग उजव्या टोकाला आलो. तारा लावल्या, कानानं म्हटलं, जुळल्या. सवयीनं मान वर केली तर पट्टे डावीकडं पळताहेत. पुन्हा पट्टी दाबतो, पुन्हा पळतात. मला वाटलं, यंत्र बिघडलं. गाण्याच्या बाईंना हाक मारली. "बाई, हे नवंकोरं यंत्र खोटं बोलून राहिलं." बाईंनी पट्टी दाबली, ऐकलं आणि खाली पाहिलं.

"काका, सूर उतरलेलाच आहे."

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली. तुम्ही एवढ्या लांबून एसटीनं येता, जीव ओतून काम करता. तोंडावर कसं सांगायचं? मुलांना मी वरच्या पट्ट्या वाजवूच देत नाही."

चाचा, मी स्टुलावर तसाच बसलो. बाईंनी पाणी आणलं, ते हातात तसंच. म्हणजे दोन-तीन वर्षं मी बेसूर पियानो मागं ठेवून ऐटीत घरी येत होतो! डोळ्यांसाठी पडदा मोठा घेतला आणि उघडे पडले कान.

आणि तिथंच, त्याच दिवाणखान्याएवढ्या हॉलमध्ये, तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. तुमची ती शेवटची खेप. तुम्ही शेवटचं सप्तक लावून किल्ली खाली ठेवता आणि मी, तिशीतला, शाळेच्या मोठ्या बाईंसमोर बोलून जातो, "चाचांचं आता मन लागत नाही. वरचे सूर तसेच सोडले." तुम्ही माझ्याकडं पाहता. रागानं नाही. दोनदा तीच पट्टी दाबता, कान लाकडापाशी नेऊन. मग म्हणता, "बराबर असन बेटा. तुझे कान जवान हायेत. पुढच्या खेपेले तूच ये." आणि किल्ली रुमालात गुंडाळून माझ्या हातात देता. परतीला मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा तुम्ही तीन केळी घेतली, दोन मला दिली.

ती किल्ली उस्तादानं खूश होऊन दिली, असं मी आजवर लोकांना सांगत आलो. तुम्ही आळस केला असंच समजत आलो. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. परक्या बाईनं तीन वर्षं माझी अब्रू झाकली. मी तुमची तीन मिनिटं झाकली नाही.

काल ते सप्तक मी डोळ्यांनी लावलं. पट्टे थांबेपर्यंत किल्ली फिरवायची, पुढची तार घ्यायची. बाई म्हणाल्या, आता बरोबर आहे. असेल. मला काही कळलं नाही. घरी पोरीला सांगितलं, मोठा पडदा डोळ्यांना बरा पडतो. कानाचं नाही सांगितलं, आणि सांगेन असं वाटत नाही. हा कागदही कुठं टाकायचा नाही, गादीखाली जाईल.

तरी एक विचारतो. त्या दिवशी तुम्हाला तुमच्या कानांचं आधीच माहीत होतं, का माझ्या तोंडून, चार माणसांत, पहिल्यांदा कळलं? एवढंच लिहा चाचा. लवकर लिहा.