न लावलेल्या रंगाचा शाम्पू

बाबा,

शाम्पू आणलाय, बाथरूमच्या खिडकीत आहे. दुकानात अर्धा तास नुसता उभा होतो. तेलकट केसांचा, कोरड्या केसांचा, एक तर चक्क जांभळा. डोकं चक्रावलं. शेवटी दुकानातल्या बाईंनीच विचारलं, "रंग कधी लावला?"

"लावलेलाच नाही, असं बाबांचं म्हणणं आहे."

"मग रंगवलेल्या केसांचा शाम्पू कशाला?"

"न लावलेला रंग उशीवर उतरतोय."

त्यांनी हा काढून दिला. यात सल्फेट नाही, त्यामुळे फेस कमी होतो. फेस येईना म्हणून अर्धी बाटली ओतू नका. पाणी कोमटच घ्या. तुमचा कोंड्याचा शाम्पू माझ्या खोलीत नेलाय, रंग त्यानेच जात होता. यापुढे कोंडा मला आहे असं समजा.

एकच कळत नाही. ऑफिस बंद होऊन दीड महिना झाला, मग रोज साडेनऊला डबा घेऊन तुम्ही जाता कुठे? विचारत नाहीये, फक्त कळत नाही. उद्या अकराच्या मुलाखतीचं पत्र तुम्ही प्रिंटरमध्येच विसरला होतात. ते तुमच्या बॅगेत ठेवलंय.

आईला मी एका शब्दाने बोललेलो नाही. पण उशीचा अभ्रा तिने दोनदा गुपचूप बदललाय. आणि आत्ता तुमचा निळा शर्ट इस्त्री करून दाराला टांगलाय. कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "उद्या अकराला लागेल त्यांना."