बोहनीचा पेन ड्राइव्ह

१४ ऑक्टोबर
आले एकदाची सडक अर्जुनीला! खुशालभाऊंचं फोटो-झेरॉक्सचं दुकान हायवेलाच आहे. ट्रक गेला की प्रिंटर थरथरतो. गोंदियाला आई एकटीच, दिवाळीला नक्की येईन असं सांगून निघाले. कॉम्प्युटरला दसऱ्याची झेंडूची माळ अजून तशीच आहे. दुकानातला पहिलावहिला पेन ड्राइव्ह देवाच्या फोटोखाली खिळ्याला टांगलाय. रोज उदबत्ती ओवाळायची, तो कॉम्प्युटरला लावायचा, हीच दिवसाची बोहनी, मग बाकी धंदा! माझ्याआधीची प्रेमिला काम सोडून घरी बसली म्हणे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा रोजनिशी इथंच टाइप करेन.

१६ ऑक्टोबर
कॉम्प्युटरमध्ये वर्म निघाला, व्हायरसचाच भाऊ. भारी लबाड. खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचं, त्याच रूपाचं सोंग पुढे ठेवतो. सोंग उघडलं की आणखी पसरतो. मी नेटची वायर काढली, सेफ मोडमध्ये स्कॅन केलं, सोंगं पुसली, लपलेली फोल्डरं वर आणली. त्यात एक ‘प्रेमिला’ नावाचं. आत एकच फोटो. ती याच खुर्चीत बसलेली, तळवे काचेला टेकवल्यासारखे. मला नाही आवडला.

१७ ऑक्टोबर
बोहनी झाली आणि वर्म परत हजर. पेन ड्राइव्हमधूनच येतो. म्हणजे चोराला आपणच ओवाळून घरात घ्यायचं! फेका म्हटलं तर खुशालभाऊ खवळले, लक्ष्मी हाये ते, कायले फेकतेस?

१९ ऑक्टोबर
प्रेमिलाची आई आली, मंदाबाई. रडत म्हणाली, पोरगी घरी हाये, नाव तेच, तोंड तेच, पण हे माही पोरगी नाही. मी तो फोटो दाखवला. बाई स्क्रीनला बिलगली, हेच माही!
फोटोतलं तोंड आता उघडं आहे. आधी मिटलेलं होतं. मला भीती वाटते.

२१ ऑक्टोबर
नवं फोल्डर. ‘रीता’. माझंच नाव. मी केलेलं नाही. आत काही नाही, अजून तरी. खुशालभाऊ म्हणतात, सगळं फॉर्मॅट मार. मारलं तर प्रेमिला — नाही. उद्या पेन ड्राइव्हच ठेचणार.

२२
हातात घेतला. गरम. बोटं सुटेनात —

तारीख दिसत नाही
काचेपलीकडे दुकान. शेजारी प्रेमिला. तिचा आवाज निघत नाही, माझाही — टाइप होतंय फक्त —
खुशालभाऊ उदबत्ती ओवाळताहेत. माझ्या खुर्चीत मी. खांद्याला माझीच पिशवी. गोंदियाला निघालीय. जायच्या आधी फॉर्मॅट मारून देतेय —
आई, दार उघडू नकोस, ती मी ना