ताटातला बेदाणा

सोमवार संध्याकाळ, तासगाव

बेदाणा पिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, सौद्यात आपला माल बुटाखाली तुडवला जातो आणि आपण नुसते बघत राहतो! गुरुवारच्या सौद्यात भाषणाची सुरुवात अशीच करायची.

लिलावाआधी व्यापारी पेटीत हात घालतात, मूठभर बेदाणा उचलतात, दोन दाणे चाखतात आणि उरलेला खाली फेकतात. रीतच पडलीय. आज आमच्यातल्याच सुशीलाकाकींनी एका व्यापाऱ्याला आपल्या पेटीला हातच लावू दिला नाही. घरच्या ताटात नमुना पुढे केला.

"काकी, जेवायला वाढताय व्हय?" व्यापारी हसला.

"व्हय. मग सांडू नगंस."

सगळे खो खो हसले. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले, उरलेले मुकाट ताटात ठेवले. बुटाखाली एक दाणा नाही. एकसुद्धा नाही!

जाताना मात्र तो गुरगुरला, "गुरवारी ताटातला माल आमी बघणार न्हाई."

काकींच्या निम्म्या पेट्या अजून विकायच्यात. त्या एकट्या पडल्या तर? पण सगळ्यांच्याच हातात ताट असलं, तर हा कुणाकुणाला टाळणार? बेदाणा तर त्याला हवाच आहे. गुरुवारच्या भाषणाची वाट बघायची नाही. आज रात्रीच सगळ्यांना फोन करून एवढंच सांगायचं: गुरुवारी सौद्याला येताना घरातलं एक ताट घेऊन या.