पोटातले जंतू व बाकीची मालमत्ता

मी, चांगुणा सावळीराम पगारे, वय सदुसष्ट, राहणार जेल रोड, नाशिकरोड, हे माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ताळ्यावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही, कारण सकाळी पाठवलेली डबी पोचल्याचा फोन अजून आलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आज संध्याकाळी दवाखान्यात भरती होऊन उद्या आतड्याची गाठ काढायची आहे, म्हणून आजच करते.

१. दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा अश्विन व मुलगी संजना यांना निम्मे-निम्मे. संजना म्हणेल, "मला नको, दादाला राहू दे." तिचे ऐकू नये.

२. बँकेत आहे त्यातून माझा शेवटचा खर्च करून उरेल ते सून पायल हिला. जेवणावळ घालू नये. पुस्तके कॉलनीच्या विहारात द्यावीत. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचे सगळे तिथल्याच कपाटातून वाचले.

३. माझे पती प्लंबर होते. त्यांचे पाने, आटे पाडायचा डाय, तुंबलेली लाइन मोकळी करायची स्प्रिंग, हे सगळे कॉलनीत जो काम शिकेल त्याला द्यावे. दीर नाथा यांना देऊ नये. त्यांनी नेलेली ड्रिल मशीन "उद्या आणतो, वहिनी" म्हणत अजून त्यांच्याकडेच आहे. ती त्यांना लखलाभ.

फोन नाही. डबी घेऊन गेलेल्या पायलचा लागतही नाही.

४. आता ज्यासाठी बसले ते. माझ्या पतींना आतड्याच्या सुजेचा आजार होता. अशा पोटातले जंतू तपासणाऱ्या एका संस्थेने आम्हा दोघांचे नमुने मागितले. त्यांचा आजारी म्हणून, माझा त्याच घरात तेच खाऊन धडधाकट म्हणून. शौचाचा नमुना डबीत द्यायचा. त्यातल्या जंतूंची जनुके मशीनवर वाचतात आणि कोण कोण आहे, आत बसून काय उद्योग करतात, ते शोधतात. मी याविषयी मिळेल ते वाचून काढले.

डब्या दिल्या. मग तिथल्या प्रफुल्लचा फोन आला. "मावशी, दोन्ही डब्यांत एकाच बाईचा नमुना आहे." जंतूंबरोबर माणसाची जनुकेही थोडी दिसतात म्हणे. मी यांच्याकडे पाहिले, तर हे भिंतीकडे बघत बसलेले.

"अहो, माझंच दोन्हीत भरलंत?"

"जन्मभर लोकांची घाण काढली. आता आपली डबीत भरून लोकांना द्यायची? नाय जमत."

"आणि माझी काढून भरताना लाज नाही वाटली?"

"तू काय लोक आहेस का?"

पुन्हा देतो म्हणाले. त्याआधीच गेले.

मागाहून मी प्रफुल्लला विचारले. तो म्हणाला, "मावशी, वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्यांचे बरेच जंतू एकसारखे होतात. काकांचे काही तुमच्यात असणारच. पण कोणते ते नाही सांगता येणार. ताडून बघायला त्यांचा नमुनाच नाही." तेव्हापासून मला चैन नाही. ऑपरेशनआधी अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात. त्यात यातले कोण जगेल, कोण मरेल, कुणास ठाऊक. म्हणून आज सकाळी बर्फाच्या पेटीत घालून नवी डबी पाठवली. बर्फ वितळायच्या आत ती पोचली पाहिजे.

तो नमुना संस्थेने गोठवून ठेवावा, अभ्यासाला वापरावा, जागा नाही म्हणून टाकून देऊ नये. त्यातले यांचे कोणते हे कळत नसल्यामुळे सगळेच ठेवावेत. कायद्यात हे बसते की नाही मला माहीत नाही. वकील म्हणाले, लिहून ठेवा, बिघडत काही नाही.

माझ्यामागे या नमुन्याबाबत संमती देण्याचा अधिकार पायलचा. अश्विनचा नाही. काल तो म्हणाला, "मेल्यावरही लोकांनी आपली घाणच चिवडायची का गं, आई?" अगदी वडिलांचा आवाज. मी भांडले नाही. तो म्हणतो त्यात खोटे काही नाही. पण त्या लाजेपायी यांचे म्हणून ओळखता येईल असे माझ्याकडे काही उरले नाही, हेही खोटे नाही. "तू नको नेऊस, पायल नेईल," म्हटले. "नेऊ दे," म्हणाला आणि जेवता जेवता उठून गेला.

इथवर लिहिले आणि फोन आला. अश्विनचा. पायलची गाडी द्वारका चौकात बंद पडली आणि तिने त्यालाच बोलावून घेतले.

"पोचली डबी," म्हणाला.

"बर्फ?"

"होता. तू भरती हो, मी येतो. फ्रीझरमध्ये ठेवतायत, तेवढं बघून निघतो."

कलम ४ मध्ये पायलच्या नावापुढे अश्विनचेही नाव धरावे. त्याला यावरून घरात कोणी चिडवू नये.

सगळे वाचून पाहिले आणि आता सही करते.

चांगुणा सावळीराम पगारे

आमच्यासमोर सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. आशा विलास गांगुर्डे, शेजारीण
२. नवनाथ दगडू साळवे, विहाराचे ग्रंथपाल

नाशिकरोड, १९ नोव्हेंबर २०२५